नऊ वर्षांचा स्टॉपर

लहान मुलांच्या फुटबॉल संघात कोण कोठे खेळणार हे बहुधा सरावाच्या पहिल्या काही दिवसांतच ठरते, आणि ते ठरवताना मुलाच्या खेळापेक्षा त्याच्या अंगकाठीकडे अधिक पाहिले जाते. उंच आणि दणकट मुलगा गोलसमोरच्या बचावाला, म्हणजे स्टॉपरच्या जागी, चपळ मुलगा बगलेवर, ज्याच्या पायात जोर आहे तो आघाडीला आणि ज्याला कोठेच बसवता येत नाही तो गोलमध्ये, अशी ही वाटणी असते. पुढचा सामना जिंकण्यासाठी ती सोयीची असेलही. पण ज्या शरीराच्या भरवशावर ती केलेली असते, ते शरीर पाच-सहा वर्षांत पार बदलणार असते. नवव्या वर्षी मिळालेली जागा पुढे कायम राहिली, तर तो मुलगा एका तात्पुरत्या शरीरासाठी ठरलेला खेळ आयुष्यभर खेळत राहतो.

वाढीच्या वयात उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा एक काळ असतो आणि तो मुलींमध्ये सरासरी १२व्या, तर मुलांमध्ये सरासरी १४व्या वर्षाच्या आसपास येतो. ही केवळ सरासरी होय. एखाद्या मुलात हा काळ दोन वर्षे आधी येतो, तर एखाद्यात दोन वर्षे उशिरा, आणि त्यामुळे १३ वर्षांखालील एकाच संघात जवळजवळ प्रौढ दिसणारा मुलगा आणि अजून बालकच असलेला मुलगा शेजारी शेजारी उभे असतात. त्यात जन्मतारखेची भर पडते: वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होत असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि निवड झालेल्या युवा संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त असते, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. वाढीतील या तफावतीवर उपाय म्हणून इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१५च्या सुमारास आपल्या अकादमींमध्ये वयाऐवजी शारीरिक परिपक्वतेनुसार गट पाडून सामने खेळवण्याचा प्रयोग केला. त्यात लवकर वाढलेल्या मुलांना प्रथमच आपल्याइतक्याच ताकदीच्या मुलांशी खेळावे लागले आणि केवळ धक्क्यावर चेंडू मिळवण्याची त्यांची सवय तेथे उपयोगी पडेना.

लवकर वाढलेल्या स्टॉपरचे नुकसान नेमके कोठे होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बचावफळीच्या मध्यभागी उभ्या असलेल्या खेळाडूच्या समोर जवळजवळ सगळा खेळ पसरलेला असतो आणि चेंडू त्याच्याकडे बहुतेक वेळा समोरूनच येतो. मधल्या फळीतील खेळाडूच्या चारही बाजूंना माणसे असतात. त्याला चेंडू येण्यापूर्वीच मान वळवून खांद्यामागे कोण आहे हे पाहून घ्यावे लागते आणि अंग अर्धे वळवून, शक्यतो गोलाच्या दिशेच्या पायाने, चेंडू घ्यावा लागतो. आघाडीचा खेळाडू अनेकदा प्रतिस्पर्धी गोलकडे पाठ करून, पाठीशी बचावपटूचा रेटा झेलत चेंडू धरून ठेवतो, तर बगलेवरच्या खेळाडूची एक बाजू सीमारेषेनेच बंद केलेली असते. पाहण्याच्या आणि निर्णय घेण्याच्या या चार वेगवेगळ्या सवयी आहेत आणि त्या फळ्यावर आकृत्या काढून शिकवता येत नाहीत. त्या त्या जागी उभे राहून, चेंडू गमावून, पुन्हा मिळवूनच त्या अंगी मुरतात. नवव्या वर्षापासून केवळ स्टॉपरच राहिलेल्या मुलाला यातली पहिलीच सवय लागते. सोळाव्या वर्षी बाकीची मुले त्याच्या उंचीला आली आणि त्याची वाढ मध्यम उंचीवर थांबली, की त्या जागेसाठी तो अपुरा ठरतो आणि दुसरी जागा त्याने कधी अनुभवलेलीच नसते.

येथे दोन प्रश्नांची गल्लत टाळली पाहिजे. एकाच खेळाला लवकर वाहून घ्यावे काय, हा एक प्रश्न. आणि फुटबॉलच खेळायचा, पण त्यातली जागा कधी पक्की करायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये अशी शिफारस केली की, एकाच खेळाची निवड किमान १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावी. अतिवापरामुळे होणाऱ्या दुखापती आणि खेळाचा येणारा उबग ही त्यामागची प्रमुख कारणे होती. कॅनडाचे अभ्यासक ज्याँ कोते यांनीही साधारण सहा ते बारा ही वर्षे अनेक खेळ चाखून पाहण्याची मानली आहेत. उलटपक्षी, पॉल फोर्ड आणि मार्क विल्यम्स या संशोधकांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंचे बालपण तपासले, तेव्हा त्या मुलांनी लहानपणी गल्लीत आणि मोकळ्या जागी, प्रशिक्षकाविना, भरपूर फुटबॉल खेळलेला आढळला. हे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी वाटले तरी जागेच्या प्रश्नावर ते एकाच बाजूला झुकतात, कारण गल्लीतल्या खेळात स्टॉपर आणि विंगर नसतात. ज्याच्याजवळ चेंडू तो आघाडीला आणि ज्याने गमावला तो बचावाला, एवढाच तेथला नियम असतो.

संघटित खेळात हा मोकळेपणा आणायचा तर मैदान आणि खेळाडूंची संख्या बदलावी लागते, हे बेल्जियमने ओळखले. यजमानांपैकी एक असूनही २०००च्या युरो स्पर्धेत साखळी फेरीतच बाहेर पडल्यानंतर तेथील तांत्रिक संचालक मिशेल साब्लाँ यांच्या पुढाकाराने सगळ्यांत लहान मुलांसाठी दोघांविरुद्ध दोघे, मग पाच-पाच, मग आठ-आठ आणि शेवटी अकरा-अकरा, अशी चढती रचना करण्यात आली आणि सर्वांत लहान वयोगटांतील गुणतक्ते बंद करण्यात आले. नोव्हेंबर २०१५ मध्ये बेल्जियम जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचला आणि २०१८च्या विश्वचषकात तिसरा आला. या यशाचे श्रेय एकट्या या बदलाला देणे अन्यायाचे होईल, पण त्याचा वाटा मोठा होता. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०१२ मध्ये मंजूर केलेल्या रचनेतही ११ जणांचा खेळ १३ वर्षांखालील गटापासूनच सुरू करण्याचे ठरले.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणे या संदर्भात नेहमी दिली जातात. थिएरी ऑन्री युव्हेंट्समध्ये बगलेवर खेळत होता. १९९९ मध्ये आर्सेनलला आल्यावर आर्सेन वेंगर यांनी त्याला मध्यभागी आघाडीला आणले. गॅरेथ बेल सुरुवातीला डावा बचावपटू होता, तर डावा बचावपटू म्हणून नावाजलेला ॲशली कोल किशोरवयात आघाडीला खेळत असे. आंद्रेआ पिर्लोचे उदाहरण सर्वांत बोलके आहे: २००१ मध्ये ब्रेशिया संघात आघाडीमागची त्याची आवडती जागा रॉबेर्तो बाजोकडे असल्याने प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी २१ वर्षांच्या पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात मागे आणले, आणि तेथूनच लांब पासांनी सामना चालवणारा पिर्लो घडला. अशी असामान्य माणसे कोणताही नियम सिद्ध करत नाहीत. मात्र विशीनंतरही जागेचा प्रश्न खुला राहू शकतो एवढे त्यांच्यावरून निश्चित दिसते, आणि मग तो नवव्या वर्षी बंद करण्याची घाई अधिकच अनाकलनीय वाटते.

याचा अर्थ मुलांना दर सामन्यात कोठेही उभे करावे, असा मुळीच नाही. रोज जागा बदलणारा मुलगा कोणत्याच जागेचा प्रश्न समजण्याइतका तेथे राहत नाही. काही आठवडे एका जागी, मग काही आठवडे दुसऱ्या, असा आखलेला फेरा लागतो. साधारण बारा वर्षांपर्यंत हा फेरा सगळ्या मैदानभर असावा. पुढची दोन-तीन वर्षे तो फळीपुरता, म्हणजे बचाव आणि मधली फळी किंवा मधली फळी आणि आघाडी, असा आक्रसावा. आणि उंचीची झपाट्याची वाढ ओसरल्यावर, बहुतेक मुलांच्या बाबतीत १५-१६च्या सुमारास, एक मुख्य आणि एक पर्यायी जागा ठरवावी. मुलींची वाढ लवकर होते म्हणून त्यांची जागा लवकर ठरवण्याचा मोह होतो. तेथेही वाढ संपल्यानंतर काही काळ थांबणे हिताचे असते, कारण शरीराच्या नव्या मापांशी जुळवून घ्यायला प्रत्येकाला वेळ लागतो.

गोलरक्षकाचा प्रश्न वेगळा आहे. झेप, पकड आणि पडण्याचे तंत्र स्वतंत्रपणे शिकावे लागत असल्याने त्याचे विशेष शिक्षण दहा-बारा वर्षांपासून सुरू व्हायला हरकत नाही, पण ते इतर खेळाच्या जोडीने. १९९२ पासून सहकाऱ्याने हेतुपुरस्सर पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताळता येत नाही. तेव्हापासून त्याच्या पायांना किंमत आली आणि ते पाय मैदानात खेळूनच तयार होतात. त्यातही मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. दहा वर्षांच्या मुलाला तेथे उभे केले, तर डोक्यावरून आलेला प्रत्येक चेंडू गोल होतो आणि त्याच्या वाट्याला फक्त अपराधीपणा येतो.

महाराष्ट्रात अडचण मुख्यतः मैदानाच्या या मापांत आणि स्पर्धांच्या पद्धतीत आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या बेबी लीगमध्ये लहान मैदान आणि कमी खेळाडू ही कल्पना स्वीकारली गेली. पण शालेय आणि स्थानिक स्पर्धांत मुले अनेकदा मोठ्यांच्याच मैदानावर, बाद पद्धतीने खेळतात. एक पराभव झाला की स्पर्धा संपते, मग उंच मुलाला मागे ठेवून लांब चेंडू मारायला सांगणाऱ्या प्रशिक्षकाला एकट्याला दोष देऊन भागत नाही. कोल्हापूरसारख्या शहरात, जेथे तालमींच्या संघांसाठी पेठा मैदानावर लोटतात आणि खेळाची जाण घराघरांत आहे, तेथे बारा वर्षांखालील स्पर्धा साखळी पद्धतीने, सात-सात जणांच्या, लहान गोलांच्या आणि प्रत्येक मुलाला निम्मा वेळ खेळवण्याच्या सक्तीसह भरवणे आयोजकांच्या हाती आहे. त्यासाठी नवे मैदान लागत नाही. असलेले मैदान आडवे आखले, तर एकाच वेळी दोन सामने होतात.