झऱ्याचे पाणी आणि भूजलाची पातळी

कोकणात पावसाळा संपला की सड्याखालच्या अनेक वाड्यांचे पिण्याचे पाणी, वायंगणी भात आणि नारळी-पोफळीचे आगर झऱ्याच्या पाण्यावर अवलंबून असते. असा झरा मे महिन्यापर्यंत टिकण्याऐवजी फेब्रुवारीतच आटला, तर पाऊस कमी पडला असे कारण बहुधा सांगितले जाते. परंतु पाऊस पुरेसा पडूनही झरा आटू शकतो. असे का होते हे समजून घेतल्यास उपाय नेमका कोठे करावा हेही कळते.

झरा कसा तयार होतो?

पावसाचे मुरलेले पाणी खडकातील भेगा व छिद्रांतून खाली उतरते आणि पाणी सहज न झिरपणाऱ्या थरावर अडते. त्या थराच्या वर जितक्या उंचीपर्यंत खडक पाण्याने भरलेला असतो, ती भूजलाची पातळी होय. ही पातळी माथ्याकडे उंच व उताराकडे उतरती असते. डोंगराचा उतार जेथे या पातळीला छेदतो, तेथे पाणी बाहेर पडते. तोच झरा.

कोकणात सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो व त्याखाली बहुधा चिकणमातीचा थर असतो. मुरलेले पाणी या थरावरून सरकत सड्याच्या कडेला बाहेर येते. घाटमाथ्यावर काळ्या पाषाणाचे एकावर एक थर आहेत. वरचा थर भेगाळ आणि खालचा घट्ट असला, तर दोहोंच्या सांध्यावर झरे फुटतात. म्हणूनच काही डोंगरांवर एकाच उंचीला ओळीने झरे आढळतात.

रांजणाचे उदाहरण

रांजणाला मध्यावर भोक पडले, तर भोकाच्या वरचे पाणी तेवढे वाहून जाते. खालचे तसेच राहते. पाणी भोकाच्या जितके वर, तितकी धार मोठी. झऱ्याचेही तसेच आहे. सप्टेंबरात पातळी झऱ्याच्या तोंडापेक्षा ३ मीटर वर असेल आणि जानेवारीत ती दीड मीटरवर आली, तर प्रवाह ढोबळमानाने निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. पातळी तोंडाच्या खाली गेली की झरा थांबतो. म्हणजे झरा आटला तरी डोंगरातील सर्व पाणी संपलेले नसते. ते केवळ तोंडाच्या खाली गेलेले असते.

उपशाचा परिणाम

समजा, उन्हाळ्याच्या तोंडावर पातळी झऱ्यापेक्षा फक्त १ मीटर वर आहे. वरच्या अंगाला विंधण विहीर घेऊन उपसा केला आणि परिसरातील पातळी सव्वा मीटरने उतरली, तर झरा बंद पडेल. पंप त्याहून खोल असल्याने विहिरीला मात्र पाणी मिळतच राहील. एकाची बाग भिजते आणि खालच्या वाडीचे पाणी जाते. वरच्या शेतकऱ्याला त्याची कल्पनाही नसते. शिवाय विंधण विहिरीने खालचा अडवणारा थर भेदला आणि तेथे पाइप नीट बसविला नाही, तर वरचे पाणी खालच्या थरात निघून जाऊ शकते.

चिऱ्याच्या खाणीत जांभ्याचा जाड थर काढला जातो, तेव्हा पाणी साठविणारा खडकच कमी होतो.

काय करावे?

१. पाणी जेथे मुरते ते क्षेत्र आधी शोधावे. कोकणात ते बहुधा झऱ्याच्या वरचा सडा असते. झऱ्याखालच्या ओढ्यावर वनराई बंधारा घालणे उपयुक्त आहेच. पण त्यात वाहून आलेले पाणी अडते, वरच्या झऱ्याची पातळी वाढत नाही.

२. सड्यावरील सपाट व मंद उताराच्या जागी समतल चर, दगडी बांध व लहान तळी करून पाणी मुरवावे. कड्याच्या अगदी काठावर किंवा तीव्र उतारावर चर खोदू नयेत. चिकणमाती भिजून दरड सरकण्याचा धोका असतो. सिक्कीममध्ये २००८ साली सुरू झालेल्या ‘धारा विकास’ कार्यक्रमातही झऱ्याच्या तोंडाशी नव्हे, तर पाणी मुरणाऱ्या उतारावर चर व तळी खोदण्यावर भर दिला गेला.

३. पाणी वाढावे म्हणून झऱ्याचे तोंड खोल करू नये, सुरुंग तर लावूच नये. रांजणाचे भोक खाली नेल्यास पाणी काही दिवस जोरात येते, पण साठा लवकर रिकामा होतो.

४. सड्यावर नवीन विंधण विहीर घेण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा व खालच्या वाडीशी विचारविनिमय करावा.

पाण्याचा हिशेब

एक हेक्टरवर २,५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर २ कोटी ५० लाख लिटर पाणी पडते. त्यातील १० टक्के मुरून झऱ्याकडे आले असे धरले, तर ते २५ लाख लिटर होते. मिनिटाला १० लिटर वाहणारा झरा दिवसाला १४,४०० लिटर पाणी देतो. म्हणजे एका हेक्टरचे हे पाणी अशा झऱ्याला सुमारे १७३ दिवस पुरेल.

आपल्या झऱ्याचे मोजमाप सोपे आहे. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला ३० लिटर. ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर पंधरवड्याला ही नोंद वहीत करावी. त्याच दिवशी वरच्या अंगाच्या विहिरीतील पाण्याची खोलीही दोरीने मोजून लिहावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून विहिरीत पाणी किती खाली गेले की झरा थांबतो, हे गावाला कळेल. त्या खुणेच्या आधीच उपसा आवरता घेण्याचे ग्रामसभेत सर्वांनी मिळून ठरविले, तर वरची बाग आणि खालची वाडी या दोहोंचे पाणी टिकविणे शक्य होईल.