गुप्तहेराच्या मनगटावरचे घड्याळ : किंमत कशाची?

जून २०१३ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात ब्राइटलिंग कंपनीचे ‘टॉप टाइम’ नावाचे एक जुने घड्याळ १,०३,८७५ पौंडांना विकले गेले. त्या वेळच्या दराने ही रक्कम नव्वद लाख रुपयांहून अधिक होते. हेच घड्याळ त्यापूर्वी इंग्लंडातल्या जुन्या सामानाच्या बाजारात अवघ्या २५ पौंडांत गेले होते. १९६५ च्या ‘थंडरबॉल’ या चित्रपटात जेम्स बाँड या गुप्तहेराच्या भूमिकेत शॉन कॉनरी यांनी ते वापरले होते आणि त्यासाठी त्याचे बाहेरचे आवरण खास बदलून घेतले होते. वस्तू एकच, पण पहिल्या सौद्यात तिची ओळख हरवलेली होती आणि दुसऱ्या सौद्यात ती सापडली होती. नफा त्या ओळखीचा झाला.

आम्ही कापडाचे व्यापारी. घड्याळांचा धंदा आमचा नव्हे. तरीही हा मामला केशोरीच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण आपल्या भागात लग्नात नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत होती आणि कित्येक घरांतल्या पेट्यांत ती घड्याळे आजही पडून आहेत. दुसरीकडे आपली तरुण मुले धानाचा किंवा मिरचीचा पैसा हाती आला की ‘बाँडचे घड्याळ’ म्हणून मिळेल ते मनगटावर चढवतात. दोन्हीकडे तोटा एकाच कारणाने होतो. मालाची पारख न करता सौदा होतो.

आधी थोडा इतिहास. १९६२ च्या ‘डॉक्टर नो’ या पहिल्या बाँडपटात कॉनरी यांच्या हातात रोलेक्सचे ‘सबमरिनर’ होते. १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये रॉजर मूर यांच्या हातात लाल आकडे उजळणारे पल्सर दिसले आणि रोलेक्सही दिसले. १९७७ पासून काही वर्षे जपानच्या सेइकोची पाळी आली. १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ तर आपल्या देशात, उदयपूरला चित्रित झाला. त्यातही बाँडच्या हातात सेइकोच होते. १९९५ च्या ‘गोल्डनआय’पासून वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी ओमेगा निवडले आणि २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत तेच राहिले.

तीन प्रकारचा माल

या बाजारात ‘बाँडचे घड्याळ’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळे माल विकले जातात.

पहिला, चित्रीकरणात प्रत्यक्ष वापरलेला नग. ‘लिव्ह अँड लेट डाय’मधले रोलेक्स २०१५ साली जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ३,६५,००० स्विस फ्रँकला गेले. कडा करवतीसारखी फिरावी म्हणून त्याच्या आतले यंत्रच काढून टाकले होते. म्हणजे वेळही न दाखवणाऱ्या घड्याळाला एवढी किंमत आली. ‘नो टाइम टू डाय’मधले ओमेगा २०२२ साली क्रिस्टीजमध्ये २,२६,८०० पौंडांना गेले. अशा मालात पैसा पुराव्याला मिळतो.

दुसरा, त्याच नमुन्याचे, त्याच काळातले, पण चित्रपटाशी संबंध नसलेले घड्याळ. त्याची किंमत मूळ सुट्या भागांवर ठरते.

तिसरा, कंपनीने बाँडच्या नावाने नव्याने काढलेला माल. २०१५ च्या ‘स्पेक्टर’च्या वेळी ओमेगाने ७,००७ नग काढले होते. ‘मर्यादित’ हा शब्द ऐकून हुरळून जाण्याआधी ग्राहकाने आकडा विचारावा. सात हजार नग म्हणजे दुर्मीळ वस्तू नव्हे.

पट्ट्याबद्दलही सांगायला हवे, कारण तो तर कापडाचाच मामला आहे. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये रोलेक्सला पट्टेदार विणीचा कापडी पट्टा होता आणि तो घड्याळाच्या जागेपेक्षा अरुंद होता. कडेला फट स्पष्ट दिसते. आज तसलेच पट्टे ‘बाँडचा नाटो पट्टा’ म्हणून सर्रास विकले जातात. पण ज्याला नाटो पट्टा म्हणतात त्याचा सरकारी नमुना ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली ठरवला, म्हणजे चित्रपटानंतर नऊ वर्षांनी. बाजारातले नाव आणि माल यांत किती अंतर असते, ते यावरून कळावे. पोत्यावर ‘केशोरी’ लिहिले म्हणून कुठलीही मिरची केशोरीची होत नाही.

मुंबईचा रंगवलेला माल

आता आपल्या घरच्या पेटीकडे वळू. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला सुरू झाला. ती कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. ‘जनता’, ‘पायलट’ अशा तिच्या चावीच्या घड्याळांना आज शौकीन गिऱ्हाईक आहे. फेवर ल्युबा, वेस्ट एंड या स्विस घड्याळांनाही आहे. पण मुंबईत जुन्या घड्याळांच्या तबकड्या खरवडून, पुन्हा रंगवून, एकाचे यंत्र दुसऱ्यात बसवून विकण्याचा धंदा मोठा आहे. परदेशी संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात आणि त्यापासून दूर राहतात. त्या कारागिरांच्या हातात हुन्नर आहे यात शंका नाही. रंगवलेले म्हणून सांगून विकले तर हरकतही नाही. मूळचे म्हणून विकले तर तो सरळ धोका आहे.

त्याचे नुकसान दोनदा होते. घेणारा फसतो हे उघड आहे. पण ज्याच्या पेटीत खरे, मळलेले, मूळ तबकडीचे घड्याळ आहे, तोही मार खातो. हिंदुस्थानातून आलेला सगळाच माल संशयाचा ठरतो आणि खऱ्यालाही खोट्याचा भाव मिळतो. कापडातही आम्ही हेच पाहिले आहे. ताग्याच्या किनारीवर खोटा छापा मारणारा एक असला, तरी भाव सगळ्यांचा पडतो.

वाचकांनी काय करावे

जुने घड्याळ विकण्याआधी त्याला पॉलिश करू नये, तबकडी रंगवू नये. काट्यांचा पिवळेपणा आणि डाग हीच त्याच्या वयाची साक्ष असते. डबा, पावती, हमीपत्र, जुना लग्नातला फोटो, जे असेल ते घड्याळासोबत ठेवावे. दारावर येणाऱ्या खरेदीदाराला पहिल्याच दिवशी माल देऊ नये. दोन ठिकाणी भाव विचारावा.

घेताना मागचे झाकण आपल्यासमोर उघडून घ्यावे. यंत्रावरचे नाव आणि तबकडीवरचे नाव जुळते का, अक्षरे जाड किंवा वाकडी आहेत का, मिनिटांच्या रेघा सरळ आहेत का, हे भिंगातून पाहावे. दाम मोठे असेल तर पक्के बिल घ्यावे आणि त्यावर ‘तबकडी मूळ’ किंवा ‘रंगवलेली’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. जो दुकानदार तोंडाने शपथ घेतो पण कागदावर लिहायला तयार होत नाही, त्याच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतण्यातच फायदा आहे.