लोंब्या वेचणारा मुलगा येलमध्ये

आज लाखो चिनी मुलेमुली परदेशातल्या विद्यापीठांत शिकत आहेत. विमानातून उतरताच घरी फोन लागतो, वसतिगृहात खोली ठरलेली असते आणि आधी गेलेले आपल्या मुलखाचे कोणी ना कोणी भेटतेच. पण या वाटेने जो पहिला गेला त्याला यातले काहीच नव्हते. त्याचे नाव युंग विंग. अमेरिकेतल्या विद्यापीठाची पदवी मिळवणारा हा पहिला चिनी विद्यार्थी. १८५० साली तो येल कॉलेजात दाखल झाला. तेव्हाचे आपले हाल त्याने म्हातारपणी, १९०९ साली छापलेल्या इंग्रजी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहेत. नव्या देशातले पहिले दिवस म्हटले की आपल्याला थंडी, जेवण आणि भाषा आठवते. युंग विंगला या तिन्हींपेक्षा जड गेला तो पैसा. त्यातही पैसा कोणाकडून घ्यायचा आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्याला फार छळत होता.

त्याचा जन्म १८२८ साली मकावजवळच्या नानपिंग गावी झाला. घर गरिबीचे. परदेशी व्यापाऱ्यांशी संबंध वाढत चालले होते, म्हणून सातव्या वर्षी बापाने त्याला मकावमध्ये एका मिशनरी बाईंच्या शाळेत घातले. पोरगा दुभाष्या झाला तर घराला हातभार लागेल एवढीच आशा असावी. पुढे ती शाळा बंद पडली आणि १८४० साली बाप वारला. आईच्या पदरात चार मुले आणि हाती काहीच नाही. थोरला भाऊ मासेमारीला गेला, बहीण घरकामाला लागली आणि हा पोर पहाटे तीनला उठून गावोगाव गोळ्या-मिठाई विकत फिरू लागला. हिवाळ्यात तोही धंदा बंद पडला, तेव्हा बहिणीबरोबर भाताच्या कापणीमागे शेतात लोंब्या वेचायला गेला.

इथला एक प्रसंग मोठा गमतीचा आहे. आपल्या भावाला इंग्रजी बोलता येते, असे बहिणीने कापणाऱ्यांच्या मुकादमाला सांगितले. मुकादमाने लाल केसांच्या लोकांची ती भाषा कधी ऐकली नव्हती. तो म्हणाला, बोलून दाखव, तुला भाताची पेंढी देतो. पोराने दुसरे काय बोलावे? त्याने ए, बी, सी, डी म्हणायला सुरुवात केली ती थेट झेडपर्यंत. चिखलात उभे असलेले सगळे कापणारे खो खो हसले आणि बहीणभावंडांना उचलवेनात इतक्या पेंढ्या मिळाल्या. इंग्रजीवरची ही त्याची पहिली कमाई.

पुढे एका छापखान्यात कागदाच्या घड्या घालण्याचे काम करून १८४१ साली तो मॉरिसन यांच्या नावाने चालणाऱ्या शाळेत पोचला. शाळा पुढे हाँगकाँगला हलली. तिथले मुख्य शिक्षक सॅम्युएल ब्राऊन हे अमेरिकन. १८४६ साली प्रकृती बिघडल्याने ते मायदेशी परत निघाले. वर्गात त्यांनी विचारले, माझ्याबरोबर अमेरिकेला कोण येईल त्याने उभे राहावे. वर्ग चिडीचूप. पहिला उभा राहिला युंग विंग. मग वाँग शिंग आणि शेवटी वाँग फून. घरी ही बातमी सांगितली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने नाही म्हटले नाही. हाँगकाँगच्या काही व्यापाऱ्यांनी दोन वर्षांचा खर्च उचलला आणि तेवढे दिवस घरी आईलाही मदत पोचेल अशी व्यवस्था केली. या दुसऱ्या गोष्टीशिवाय तो गेला असता असे वाटत नाही. कमावता मुलगा परदेशी शिकायला पाठवायचा तर मागे चूल कशी पेटणार, हा हिशेब प्रत्येक गरीब घरात आधी होतो.

४ जानेवारी १८४७ रोजी 'हंट्रेस' हे चहाने भरलेले शिडाचे जहाज निघाले आणि १२ एप्रिलला न्यूयॉर्कला लागले. तिघांना तिकीट पडले नाही, मालकांनी फुकट नेले. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मॉन्सन गावी शाळा सुरू झाली. जेवणाखाण्याचा खर्च माणशी आठवड्याला सव्वा डॉलर, पण सरपण स्वतः आणायचे, करवतीने कापायचे, खोलीही स्वतः झाडायची. शाळा अर्ध्या मैलावर, आणि दिवसातून तीन वेळा बर्फातून ये-जा. भात खाऊन वाढलेल्या, दक्षिण चीनच्या उबदार हवेतल्या मुलांनी हे सगळे निमूटपणे केले. वाँग शिंग मात्र प्रकृतीमुळे १८४८ साली परत गेला.

मुदतीची दोन वर्षे संपली आणि खरा पेच उभा राहिला. हाँगकाँगचे आश्रयदाते म्हणाले, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जाऊन धंद्याचे शिक्षण घेत असाल तर पुढेही पैसे देऊ. वाँग फून त्याप्रमाणे गेला आणि डॉक्टर होऊन मायदेशी परतला. युंग विंगला मात्र येलला जायचे होते. मॉन्सनच्या शाळेकडे गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी होता, पण त्याला अट होती. मिशनरी होऊन चीनला परत जाईन, असे लिहून द्यायचे. युंग विंग ख्रिस्ती झालेला होता, त्याला त्या कामाचा तिटकारा नव्हता. तरीही त्याने सही केली नाही. आपल्या देशाच्या उपयोगी पडायचे आहे, पण कोणत्या मार्गाने ते आज लिहून देऊन हात बांधून घेणार नाही, असे त्याने शाळेच्या विश्वस्तांना सांगितले. वय एकवीस, खिशात काही नाही, घर समुद्रापार. उपकार करणाऱ्यांना 'नाही' म्हणणे सोपे नसते. शेवटी ब्राऊन यांच्या खटपटीने दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात, सॅव्हाना शहरातल्या स्त्रियांच्या एका मंडळाने मदत कबूल केली. त्यांनी अट घातली नाही.

तर असा तो येलच्या प्रवेशपरीक्षेला बसला. तेव्हा लॅटिन, ग्रीक आणि गणित यांवरच सगळा भर असे. लॅटिनचा त्याचा अभ्यास अवघा पंधरा महिन्यांचा, ग्रीकचा बारा आणि गणिताचा दहा महिन्यांचा. बरोबरीची मुले चांगल्या शाळांतून वर्षानुवर्षे तयारी करून आलेली. तो पास झाला खरा, पण कसा झालो हे आपले आपल्यालाच कळले नाही असे तो लिहितो. पहिल्या वर्षी मध्यरात्रीपर्यंत दिव्याखाली बसावे लागले. खेळायला, व्यायामाला वेळ नाही. तब्येत इतकी खालावली की आठवडाभर रजा घेऊन बाहेरगावी विश्रांतीला जावे लागले.

पोशाखाचाही प्रश्न होताच. त्याचे मित्र, पाद्री जोसेफ ट्विचेल यांनी १८७८ साली येलमधल्या एका व्याख्यानात सांगितले, की युंग विंग कॉलेजात आला तेव्हा पाठीवर वेणी आणि अंगात चिनी झगा होता. वर्ष संपेतो दोन्ही गेले. हे वाचायला किरकोळ वाटते. पण चिंग राजवटीत पुरुषाने वेणी कापणे म्हणजे राजद्रोह, त्याला देहदंडाची शिक्षा. त्यावर युंग विंग स्वतः फारसे लिहीत नाही. गणिताच्या दुःखावर मात्र बरेच लिहितो!

दुसऱ्या वर्षी कॅल्क्युलसने त्याचा जीव मेटाकुटीला आणला. त्या विषयाचा त्याला मनापासून तिरस्कार होता. सरासरी इतकी घसरली की वर्गातून काढून टाकतील अशी भीती वाटू लागली. त्याला तारले ते इंग्रजी निबंधाने. एकाच वर्षात दोन वेळा, अमेरिकन मुलांना मागे टाकून, त्याने निबंधाचे पहिले बक्षीस मिळवले. शेतात ए-बी-सी-डी म्हणून पेंढ्या मिळवणारा हाच तो पोर. कॉलेजात आणि बाहेरही त्याचे नाव झाले. पण गणितातल्या गुणांची आठवण असल्याने आपण हुरळून गेलो नाही, असे तो म्हणतो.

सॅव्हानाहून येणारे पैसे पुरत नव्हते. तेव्हा विसेक विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेल्या खाणावळीची व्यवस्था त्याने अंगावर घेतली. बाजारहाट करायचा, जेवायच्या वेळी वाढायचे आणि त्या बदल्यात आपले जेवण सुटायचे. विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळाचे ग्रंथालयही तो सांभाळू लागला. शेवटच्या वर्षी त्याचे तीस डॉलर मिळाले. ज्यांच्याबरोबर वर्गात बसायचे त्यांनाच ताटे वाढायची, यात त्याला कमीपणा वाटल्याचा एक शब्दही पुस्तकात नाही. उलट यामुळे सगळा कॉलेज आपल्याला ओळखू लागला, असे तो आनंदाने सांगतो. १८५४ साली ९८ जणांच्या वर्गाबरोबर त्याला पदवी मिळाली.

घरी परतला तेव्हा तो आपली भाषाच विसरून बसला होता. किनाऱ्याजवळ जहाजावर चिनी वाटाड्या आला, खडकांबद्दल त्याला काय विचारायचे तो शब्दच युंग विंगला आठवेना. आईने मायेने जवळ घेतले, चौकशी केली आणि त्या पदवीचे पैसे किती मिळतात असे विचारले. पैसे लगेच मिळत नाहीत, हे त्याने तिला समजावून सांगितले. मग ती म्हणाली, तुझ्या थोरल्या भावाने अजून मिशी ठेवलेली नाही, तू कशी ठेवलीस? येलचा पदवीधर मुकाट्याने न्हाव्याकडे जाऊन मिशी काढून आला.

आपल्याला मिळाले ते इतरांना मिळावे म्हणून तो अठरा वर्षे सरकारच्या मागे लागला. अखेर १८७२ ते १८७५ या काळात दरवर्षी तीस, अशी १२० मुले चीन सरकारच्या खर्चाने अमेरिकेला गेली. त्यांना दोन-चार जणांच्या गटाने कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समधल्या कुटुंबांत ठेवले. त्यांतल्या ली यान फू याने लिहून ठेवले आहे, की न्यायला आलेल्या बाईंनी त्याला मिठी मारून मुका घेतला तेव्हा तो लाजून लाल झाला आणि बाकीची पोरे हसली. एका रविवारी 'संडे स्कूल'ला चला म्हटल्यावर 'स्कूल' एवढाच शब्द कळला. आत गेल्यावर ते प्रार्थनामंदिर निघाले, तेव्हा दोघे पोर धावत घरी आले आणि खोलीचे दार लावून बसले.

मुले अमेरिकन होत चालली, वेण्या कापू लागली अशी ओरड चीनमध्ये झाली. अमेरिकेनेही त्यांना आपल्या लष्करी शाळांत घेतले नाही. १८८१ साली सगळ्यांना परत बोलावले गेले. बहुतेकांचे कॉलेज अर्धवट राहिले. त्याच वर्षी येलची पदवी पदरात पडलेल्या मोजक्यांपैकी झान तियान्यू याने पुढे १९०५ ते १९०९ या काळात बीजिंग ते झांगजियाकौ हा डोंगरातला रेल्वेमार्ग बांधला. दुसऱ्या वर्षी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला.

युंग विंगने १८५२ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. १८९८ साली सरकारने ते मानायचे नाकारले. तरीही १९०२ साली तो अमेरिकेत पोचला. त्या वर्षी त्याच्या धाकट्या मुलाला पदवी मिळायची होती, येलमध्येच.