हवेतील उष्मा आणि सागाचे झाड

"कार्बन डायऑक्साइड हे तर झाडांचे अन्न. मग तो हवेत वाढला तर जंगले अधिकच फोफावतील ना?" असे विद्यार्थी आम्हाला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९५८ साली हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता; आज तो ४२० च्या वर गेला आहे.

पानाच्या खालच्या बाजूस नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. हा वायू आत येतो तो याच दारांतून, आणि पाण्याची वाफ बाहेर जाते तीही याच दारांतून. हवेत वायू भरपूर असला की दार किलकिले ठेवूनही भागते, पाणी वाचते. इथवर विद्यार्थ्यांचे म्हणणे खरे आहे.

परंतु तापमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प सामावण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस पूर्वीइतकाच झाला तरी तहानलेली हवा पानांतून जास्त पाणी ओढते. खोडातील बारीक नळ्यांवर ताण येतो. ताण फार झाला की पाण्याची धार तुटते, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो व ती नळी निकामी होते. हे टाळण्यासाठी झाड पर्णरंध्रे मिटून घेते. मग घाम न आलेल्या माणसासारखे पान तापते आणि अन्न तयार होणे जवळजवळ थांबते. श्वसन मात्र चालूच, उलट उष्म्याने वाढलेले. कमाई बंद आणि खर्च वाढता, असे घर किती दिवस चालणार?

आमच्या विदर्भातला साग यावर युक्ती करतो. तो पाने गाळून चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात उघडा उभा राहतो. तो वाळला असे लहानपणी आम्हाला वाटे! पावसाच्या सुमारास नवी पाने फुटतात आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. पाने फुटल्यावर पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारली, तर मोठे झाड खोल मुळांवर तग धरते. त्या वर्षी बुंध्यातले वलय तेवढे अरुंद पडते. अशा वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा अभ्यास पुण्यात झालेला आहे.

रोपाची मुळे मात्र वरच्याच मातीत असतात आणि तीच माती आधी सुकते. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोला गर्दी होते, दडीच्या दिवसांत तिकडे कोणी फिरकत नाही. सागाचे रोप वरून वाळलेले दिसले तरी ते लगेच उपटू नये. पुष्कळदा मूळ जिवंत असते, आणि पाणी मिळताच बुंध्याशी नवा कोंब येतो.