सड्यावरच्या बावल्या

आमच्या सिंधुदुर्गात बाहुलीला ‘बावली’ म्हणतात. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर अशा बावल्या थेट जांभ्या कातळात कोरलेल्या आहेत. माणसं, मासे, पक्षी आणि त्यांच्यात एक भली मोठी स्त्री! अभ्यासक तिला मातृदेवता मानतात.

कोकणातल्या कातळशिल्पांची सुरुवात मध्याश्मयुगात, सुमारे १० ते १२ हजार वर्षांपूर्वी झाली असावी, असा अंदाज आहे. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीला तर सुमारे १८ मीटरचा हत्ती आहे. काही ठिकाणी गेंडाही दिसतो, जो आज कोकणात औषधालासुद्धा सापडायचा नाही. शेतीची चित्रं मात्र अभ्यासकांना आढळलेली नाहीत. म्हणजे ही माणसं शिकार करून, कंदमुळं, मासे गोळा करून जगणारी असावीत. खाडीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्या आपल्या बायका पाहिल्या, की मला ती माणसं परकी वाटतच नाहीत. पोटामागची धावपळ सांभाळून त्यांनी चित्रं काढली, याचं फार कौतुक वाटतं.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकण-गोव्यातली ९ ठिकाणं आली. सिंधुदुर्गातलं त्यात एकच, कुडोपी.

पण मैत्रिणींनो, ज्या जांभ्यावर हे कोरलंय, त्याच जांभ्याचे चिरे आपल्या घरांना लागतात. एकदा खाणीचं यंत्र फिरलं, की हजारो वर्षांच्या बावलीची घटकाभरात माती होते. म्हणून सड्याचा सौदा घरात ठरत असेल, तर आधी गवत-माती झाडून कातळ नीट बघूया. केरसुणी तर आपल्याच हातात असते! रेषा दिसल्या, तर खाण थांबवायला सांगूया आणि पुरातत्त्व विभागाला कळवूया.