भाताच्या बांधीतले शरीर

जपानमध्ये १९५९ साली तात्सुमी हिजिकाता या नर्तकाने टोकियोत एक छोटा प्रयोग केला आणि तिथल्या नृत्यजगतात खळबळ उडाली. 'बुतो' या नृत्यनाट्याचा तो आरंभ मानला जातो. आपल्याकडचे महानगरी समीक्षकही त्यावर भरभरून बोलतात. आम्हाला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने.

हिजिकाता जर्मन वळणाचे आधुनिक नृत्य शिकला होता. त्याचा सहकारी काझुओ ओनो याचे गुरू ताकाया एगुची तर जर्मनीत मेरी विगमनकडे शिकून आलेले. पण पाश्चात्त्य नृत्याचे ताठ, उडते शरीर हिजिकाताला परके वाटू लागले. तो उत्तर जपानच्या अकिताचा, भातशेतीच्या मुलुखातला. आईबाप राबत असताना तान्ही पोरे शेतात टोपलीत बांधून ठेवली जात. संध्याकाळी बाहेर काढली तर त्यांचे पाय सरळ होत नसत, ही आठवण त्याने सांगून ठेवली आहे. ते वाकडे पाय, ती मोडलेली कंबर त्याने रंगमंचावर आणली. देवीच्या रोगाचे नाव दिलेल्या १९७२ च्या प्रयोगात तर जमिनीवरून उठू न शकणारा माणूस त्याने नाचून दाखवला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हे शरीर अनोळखी नाही. रोवणीला दिवसभर चिखलात वाकलेली आमची आई तीच आहे. धान निघाले की याच झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात, रात्र रात्र प्रयोग चालतात. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तरी जपानी शेतकऱ्याचे वाकडे पाय 'प्रयोगशील' आणि आमच्या दंडारीतले पाय 'गावंढळ', हा न्याय कुठला? अर्थात सगळा दोष प्रस्थापितांच्या माथी मारून चालणार नाही. सिनेमाच्या गाण्यांवरचा नाच पुढे आणि दंडार मागे, ही निवड आपल्याच मंडपात होते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. पिढ्यान्‌पिढ्या जोहार घालत वाकलेली पाठ त्या दिवशी सरळ झाली. परिवर्तन म्हणतात ते हेच, आणि ते आधी शरीरात घडले. आंबेडकरी जलशाने तमाशाचा बाज घेतला, गण-गवळण फेकून दिली आणि विचार घराघरात नेला. शब्द आणि सूर यांत चळवळ श्रीमंत आहे. शरीर मात्र अजून माईकसमोर स्थिर उभे आहे. ती पाठ सरळ कशी झाली, किती दुखली, हे दंडारीच्या पावलांतून, रेलाच्या फेरातून दाखवणारे तरुण याच दोन जिल्ह्यांत आहेत. त्यांना टोकियोला जायची गरज नाही.

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमतो. भाषणे आणि गीतगायन यांतून अर्धा तास या पोरांसाठी काढता येईल काय, एवढे संयोजकांनी सांगावे.