‘द क्रो’ : शोक गेला, रंग उरला

२०२४च्या ऑगस्टमध्ये ‘द क्रो’ पुन्हा पडद्यावर आला आणि आपटला. खर्च पाच कोटी डॉलरच्या आसपास, जगभरातली वसुली त्याच्या निम्म्याच्या आगेमागे. पैसे बुडाले याचं मला काहीच वाटलं नाही. मनाला लागलं ते दुसरंच. मूळ चित्रपटाला तीस वर्षं पूर्ण झाली त्याच वर्षी हे झालं, आणि आज वीस वर्षांचा जो मुलगा ‘द क्रो’ हे नाव पहिल्यांदा ऐकेल, त्याच्या समोर आधी हे येणार. १९९४च्या चित्रपटाचा दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास जाहीरपणे विनवत होता की तो चित्रपट त्यातला नायक ब्रँडन लीची आठवण आहे, त्याला हात लावू नका. कुणी ऐकलं नाही.

हे सगळं सुरू झालं एका माणसाच्या दुःखातून. जेम्स ओ’बार डेट्रॉइटमध्ये अनाथ म्हणून वाढला. तो अठरा वर्षांचा असताना एका दारुड्या ड्रायव्हरने त्याच्या वाग्दत्त वधूचा जीव घेतला. पुढे तो मरीन्समध्ये भरती झाला, बर्लिनला गेला, सैन्याच्या माहितीपुस्तिकांसाठी चित्रं काढू लागला आणि तिथेच १९८१च्या सुमारास त्याने ‘द क्रो’ या कॉमिकची पानं काढायला घेतली. वीस डॉलरच्या अंगठीसाठी डेट्रॉइटमध्ये एका जोडप्याचा खून झाल्याची बातमी त्यात मिसळली. गोष्ट अशी : एरिक आणि शेली, दोघांचा खून, आणि वर्षभराने परत आलेला एरिक. पुस्तक १९८९मध्ये कॅलिबर प्रेस नावाच्या एका छोट्या प्रकाशनाने काढलं.

तोवर अमेरिकन कॉमिक्समध्ये अंधार ही फॅशन झालेली होती. १९८६ची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आणि ‘वॉचमेन’ ही मोठी कामं, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्यांचा अंधार विचार करून आलेला आहे. ओ’बारचा अंधार सोसून आलेला आहे. सूडाच्या पानांवर कडक काळं-पांढरं, आणि शेलीच्या आठवणी आल्या की तीच शाई पाणी घालून मऊ, करडी होते. मारामारी संपली की एरिक रिकाम्या घरात गेब्रिएल नावाच्या मांजराशी बोलतो, स्वतःलाच जखमा करून घेतो. कथेतल्या पोलिसांची नावं अल्ब्रेख्ट आणि हुक, ओ’बारच्या लाडक्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडमधल्या दोघांवरून घेतलेली. चित्रं काढून मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. झालं नाही, उलट राग वाढतच गेला, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे.

आपल्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवलेला असतो, कावळा झाडावर बसून राहतो, खाली येत नाही. मग घरातलं कुणी पुढे होऊन मोठ्याने म्हणतं, ‘पोरांचं आम्ही बघू, काळजी करू नका,’ आणि सगळे श्वास रोखून वर बघत राहतात. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. ओ’बारला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण अन्याय फिटेपर्यंत आत्म्याला गती नाही आणि त्याला नेणारा-आणणारा कावळाच, ही त्याची गोष्ट मला पहिल्यापासून घरची वाटली.

मी कॉलेजात होतो ती नव्वदची वर्षं. केबल नुकतीच घरात आलेली, कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत भाड्याने कॅसेटी मिळायच्या आणि कुणा मित्राच्या मित्राकडून इंग्रजी गाण्यांची टेप कॉपी होऊन यायची. ‘द क्रो’ची गाणी माझ्यापर्यंत चित्रपटाच्या आधी पोचली. ‘द क्युअर’ने या चित्रपटासाठी ‘बर्न’ नवं केलेलं, ‘नाइन इंच नेल्स’ने ‘जॉय डिव्हिजन’चं ‘डेड सोल्स’ पुन्हा गायलेलं. तो अल्बम बिलबोर्डवर पहिल्या क्रमांकावर गेला. पुस्तक ज्या गाण्यांवर पोसलं होतं, त्याच घराण्याची गाणी चित्रपटाला मिळाली. असा योग मी नंतर पाहिला नाही.

मग कॅसेट मिळाली. तोवर ब्रँडन ली जाऊन काही वर्षं झाली होती.

३१ मार्च १९९३, नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन, ‘द क्रो’चं चित्रीकरण. आधीच्या एका क्लोज-अपसाठी रिव्हॉल्व्हरमध्ये खरी दिसणारी काडतुसं हवी होती. बाजारातली खरी काडतुसं उघडून त्यातली दारू काढली, पण मागची टोपी, जी चापाने पेटते, ती राहिली. कधीतरी चाप ओढला गेला, टोपीच्या जोराने गोळी नळीत सरकली आणि तिथेच अडकली. कुणी नळी तपासली नाही. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता आवाज करणारं बिनगोळीचं काडतूस घातलं, आणि त्याच्या दाबाने आत अडकलेली गोळी बाहेर येऊन ब्रँडनला लागली. शस्त्रं सांभाळणाऱ्या माणसाला त्या दिवशी लवकर घरी पाठवलेलं होतं. ब्रँडन २८ वर्षांचा होता. अडीच आठवड्यांनी त्याचं लग्न होतं. निर्मात्यांना ८४,००० डॉलर दंड झाला, तोही पुढे कमी करून ५५,०००वर आणला. कुणावर फौजदारी खटला चालला नाही.

तेव्हापासून एक वाक्य मी ऐकत आलोय, की ‘द क्रो’ चालला तो नटाच्या मृत्यूमुळे. हे वाक्य चुकीचं आहे आणि ब्रँडनवर अन्याय करणारं आहे. डार्लाचा प्रसंग पाहा. लहानग्या साराची ही नशेत बुडालेली आई. एरिक तिला आरशापुढे ओढतो, तिचा हात दाबतो, आणि सुईच्या जागेतून आतलं मॉर्फिन थेंब थेंब बाहेर येतं. मुलगी बाहेर रस्त्यावर तुझी वाट बघतेय, असं तिला सांगतो. त्याआधी हाच माणूस खून करत होता. तो राग आणि ही माया एकाच चेहऱ्यावर, पांढऱ्या रंगाच्या थराखालून दिसते. हा अभिनय आहे, अपघात नव्हे. आणि शेली? चित्रपटात ती तुकड्या-तुकड्यांत, क्षणभर दिसते, तरी सगळं कथानक तिच्याभोवती फिरतं.

पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. १९९६चा ‘सिटी ऑफ एंजल्स’ टिम पोपने केला. ‘द क्युअर’चे व्हिडिओ करणारा हा माणूस वेगळी वाट धरू पाहत होता, पण निर्मात्यांनी त्याची फिल्म कापून पहिल्याची नक्कल करून टाकली. मार्क डकॅस्कॉसची दूरचित्रवाणी मालिका एका मोसमात, २२ भागांत आटोपली. २००० आणि २००५चे चित्रपट तर नावालाच. मग २००८पासून पुनर्निर्मितीच्या घोषणा सुरू झाल्या. ब्रॅडली कूपर, ल्यूक इव्हान्स, जॅक हस्टन, जेसन मोमोआ, नावं येत गेली आणि गळत गेली. सोळा वर्षं हे चाललं. इतकी वर्षं एकाही माणसाला ही गोष्ट सांगण्याची निकड वाटत नव्हती, फक्त हक्क हातचे जाऊ नयेत एवढीच धडपड होती.

२०२४चा एरिक झालेला बिल स्कार्सगार्ड चांगला नट आहे, त्या अपयशाचं खापर मी त्याच्यावर फोडणार नाही. त्या चित्रपटाने एरिक-शेलीच्या प्रेमाला भरपूर वेळ दिला. व्यसनमुक्ती केंद्रात भेट, पळून जाणं, पार्ट्या, सगळं तपशिलाने. तरी शेली गेली तेव्हा माझ्या आत काही हललं नाही. खलनायकाला सैतानाशी करार दिला, आणि त्यामुळे खुनाची क्षुल्लकता गेली. ओ’बारच्या पुस्तकाचा गाभाच तो होता. वीस डॉलरसाठी, दारूच्या एका ग्लासासाठी माणसं मरतात, त्यामागे कुठलाही करार नसतो, म्हणूनच ते सहन होत नाही.

आणखी एक गोष्ट. १९९४मध्ये ब्रँडनचे राहिलेले थोडे शॉट पूर्ण करायला त्याचा चेहरा संगणकाने चॅड स्टाहेल्स्कीच्या अंगावर बसवला. स्टाहेल्स्की त्याचा मित्र होता, आणि घरच्या माणसांना चित्रपट पूर्ण व्हायला हवा होता. आज तेच तंत्र मेलेल्या नटांना पुन्हा कामाला लावायला वापरतात. २०१६च्या ‘रोग वन’ चित्रपटात नट पीटर कुशिंगला आणलं, तो जाऊन तेव्हा वीसहून जास्त वर्षं झाली होती. १९९४मध्ये एका मित्राचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं गेलं. आता नफ्यासाठी मृताला विश्रांतीही मिळत नाही.

आणि बंदुका? ऑक्टोबर २०२१मध्ये ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गोळी लागून गेली. विल्मिंग्टननंतर अठ्ठावीस वर्षांनी, पुन्हा चित्रीकरणाच्याच बंदुकीने. ब्रँडनच्या मृत्यूतून या धंद्याने रंगवलेला चेहरा तेवढा उचलला, शिकायचं ते शिकला नाही.

ज्यांनी अजून काहीच पाहिलेलं नाही त्यांनी २०११ची, ओ’बारने राहिलेली पानं घालून काढलेली आवृत्ती आधी वाचावी. मग १९९४चा चित्रपट पाहावा. बाकीचं सोडून द्यावं, काही गमावणार नाही.